खालच्या बाईची अंबाडी

आई,

तू अमेरिकेत सनीव्हेलला माझ्याकडे आलीस तेव्हा बाबांना जाऊन वर्षही झालं नव्हतं, आणि तू बोलणंच सोडून दिलं होतंस. नव्वदच्या दशकाची ती शेवटची वर्षं. आमच्या ऑफिसात सगळ्यांना एकच घोर, दोन हजार साल उजाडलं की कॉम्प्युटर बंद पडणार की काय, आणि त्यापायी मी सकाळी जायची ती दिवे लागल्यावर घरी यायची. दार उघडलं की तू सोफ्याच्या कडेला, स्टेशनवर गाडीची वाट बघत असल्यासारखी बसलेली. "काय केलंस दिवसभर?" "काही नाही, बसून होती." टीव्ही नको, देसी दुकानात यायला नको, शनिवारी माझ्या मैत्रिणींकडे पॉटलकला, म्हणजे आपापला पदार्थ घेऊन जमायच्या जेवणाला, नको. जन्मभर पहिली-दुसरीच्या पोरांवर ओरडलेली बाई तू, नागपूरच्या क्वार्टरमागच्या हातभर जागेत वांगी-मिरच्या लावून गल्लीभर वाटणारी. तुझा आवाज नाही म्हणजे मला घरात कोणीतरी आजारी असल्यासारखं वाटायचं. सकाळी तेवढं पंचशील म्हणायचीस, तेही पुटपुटत. मला भीती वाटायची गं, की सहा महिन्यांनी मी एका मुक्या बाईला विमानात बसवून देणार.

आणि एक दिवस मी घरी येते तर तू दारातच उभी, पदर खोचलेला. "अवं, खालच्या बाईकडे अंबाडी आहे!" माझ्या पायातले बूटही निघालेले नाहीत. "आई, अमेरिकेत कुठली आली अंबाडी?" "काहून? तू येऊ शकते, अंबाडी नाही येऊ शकत?" खालची बाई म्हणजे आमच्या खालच्या अपार्टमेंटमध्ये एकटी राहणारी म्हातारी अमेरिकन. पूर्वी शाळेची बस चालवायची. आता डोक्याला रुमाल, गालफडं बसलेली. कॅन्सरची ट्रीटमेंट चालू आहे एवढं मला ठाऊक होतं. त्या दुपारी लाँड्रीरूममध्ये तिला कपड्यांची टोपली उचलेना, तू ती तिच्या घरापर्यंत पोचवलीस आणि तिच्या किचनच्या खिडकीत रोपांचा ट्रे बघितलास. पानांची चिरलेली बोटं, करवतीसारख्या कडा. तुला दुसरं काय वाटणार? तोंडाला पाणी सुटलं होतं तुझ्या. कण्या घालून शिजवायची, वरून लसणाची चरचरीत फोडणी, सगळं मला दारातच सांगून झालं. "पण मारून टाकून राहिली ती त्यांना! शनिवारी चल माझ्यासंग, तिला सांग."

शनिवारी मी दुभाषी म्हणून तुझ्यामागे खाली गेले. रोपं बघून मलाही कसंसं झालं. किचनची खिडकी उत्तरेला, उन्हाचा कवडसाही नाही. उजेडासाठी बिचारी नुसती उंच ताणली होती, दोऱ्यासारखी देठं, त्यातली दोन आडवीच पडलेली, पानं पिवळी. माती म्हणशील तर कॉम्प्लेक्सच्या झुडपांखालची, चिकट, आणि बाईने मायेपोटी रोज पाणी घालून तिचा चिखल केलेला. तू बोट खुपसलंस, वास घेतलास आणि मराठीत सुरू झालीस. "नाकातोंडात पाणी जाऊन राहिलं यांच्या. मुळांना श्वास नको? सांग तिला!" मी सांगितलं. बाई हसली आणि तू ट्रेवर वाकलेली बघून मला हळूच म्हणाली, "तुझ्या आईला माहीत आहे ना, हे काय आहे? हा गांजा आहे." ती शांतपणे सांगत होती, की डॉक्टरांनी लिहून दिलंय, आपल्या राज्यात लोकांनी मतं देऊन आता आजारी माणसाला मुभा दिलीय. कॅन्सरच्या औषधाने तिच्या पोटात अन्न ठरत नव्हतं, गांजाने ते ठरतं म्हणे. वजन आणखी उतरलं तर ट्रीटमेंट थांबवावी लागेल असं डॉक्टर म्हणाले होते. तयार मिळायचं ते सॅन फ्रान्सिस्कोत, आणि तिथवर ड्राइव्ह करायचं त्राण तिच्यात उरलं नव्हतं. "ही जगली तर माझं काही खरं आहे," म्हणाली. माझ्या डोळ्यांसमोर माझा व्हिसा, पोलिसांची गाडी, नागपुरात उठणारा गवगवा, सगळं एकदम येऊन गेलं. आणि इकडे तू, कोपरापर्यंत मातीत, बडबडते आहेस. किती महिन्यांनी बडबडते आहेस! मी तोंड मिटून घेतलं. त्याचं मला आजही वाईट वाटत नाही.

मग काय, तुझा हुकूम आणि माझी गाडी. दुकानातून हलकी माती आणली, तू त्यात वाळू मिसळलीस, कुंपणाखालचा कुजलेला पाला चाळून घातलास, आणि प्रत्येक कुंडीच्या बुडाला भोक आहे ना ते वर धरून तपासलंस. एकेक रोप असं अलगद उचललंस की आम्ही दोघी श्वास रोखून बघत राहिलो. वांग्याच्या रोपासारखं देठ खोल पुरलंस, पहिल्या पानांपर्यंत. "आता उभं राहा नीट, वर्गात झोपायचं नाही." ट्यूबलाइटची आयडिया मात्र माझी, हं. हार्डवेअरच्या दुकानातून आणली, साखळीने लटकवली, रोपांच्या डोक्यावर वीतभर अंतरावर. "दिव्यावर कुठं झाडं वाढतात का?" म्हणून तू नाक मुरडलंस, पण आठवड्याभरात नवी पानं हिरवी आली तेव्हा रोपं वाढली की साखळी वर घ्यायचं काम तू माझ्याकडून काढून घेतलंस. ऊब वाढल्यावर कुंड्या बाईच्या पॅटिओत, म्हणजे दारामागच्या हातभर फरसबंद अंगणात, लाकडी कुंपणाआड. पहिल्या दिवशी फक्त कोवळं ऊन, मग रोज थोडं जास्त, नाहीतर पोळतात म्हणे. पडलेल्या दोनांतलं एक गेलं, बाकी सगळी तरली. मी ऑफिसातून आले की तुम्ही दोघी पॅटिओत खुर्च्या टाकून बसलेल्या, तू नागपुरी मराठीत, ती इंग्लिशमध्ये, आणि दोघींचं सगळं एकमेकींना कळत असल्यासारखं चाललेलं. घरात फोडण्यांचे वास सुटू लागले. मला म्हणायचीस, "पोट्टी, वाळून राहिली तू, ये जेवायला." मी दोन घास जास्तच जेवायची.

पण तू तू आहेस. रोपं कमरेएवढी झाल्यावर एका संध्याकाळी तू पान तोडून चावलंस. "आंबट नाही," म्हणालीस. पुन्हा चावलंस. "ही कसली अंबाडी गं?" आता काय सांगणार, कपाळ! सांगितलं. तू पान थुंकलंस, चूळ भरलीस आणि वर निघून गेलीस. मामा. मला कळत होतं की तुला मामा आठवतोय. तुझा धाकटा भाऊ, चिलमीच्या नादाने कामावरून गेला, मग घरातूनही गेला, आणि कुठे गेला ते आजवर कोणाला कळलं नाही. आजी त्याच्यासाठी ताट झाकून ठेवायची हे तूच मला सांगितलं होतंस. दुसऱ्या दिवशी सकाळी पाचव्या शीलाशी तुझा आवाज अडकला. मादक पदार्थांपासून दूर राहीन, असं म्हणतानाच तू थांबलीस आणि उठून गेलीस. पुन्हा ती सोफ्याची कड, पुन्हा ते गप्प बसणं. मी समजावलं, कायदा सांगितला, डॉक्टर सांगितले. "मला नको शिकवू," एवढंच म्हणालीस. खाली ऊन तापत होतं, बाईला पाण्याचा डबा उचलवत नव्हता, आणि वरच्या बाल्कनीतून मला पानं मान टाकताना दिसत होती. तुलाही दिसत असणार. तू बाल्कनीचा पडदाच ओढून घेतलास.

रविवारी आपण कपडे धुवायला गेलो. बाई लाँड्रीरूमच्या फरशीवर बसलेली, भिंतीला टेकून, शेजारी बादली. तिने सूप प्यायचा प्रयत्न केला होता, ते सगळं बाहेर आलं होतं. आपल्याला बघून तिने लाजून तोंड पुसलं. तू कपडे माझ्या हातात दिलेस, तिच्याजवळ खाली बसलीस आणि तिचं डोकं मांडीवर घेऊन, रुमालावरून हात फिरवत राहिलीस. किती हलकी झाली होती गं ती! तिला घरी नेऊन झोपवलं आणि तू सरळ पॅटिओत गेलीस. पाण्याचा डबा उचललास. मी मुद्दाम विचारलं, "आई, आणि शील?" तू माझ्याकडे असं बघितलंस, जणू मी पाढा चुकले आहे. "मी नशा करायची नाही, हे माझं शील आहे. हिला उपाशी मारायचं, हे कुठं लिहिलं आहे? माझ्या भावाच्या हातात चिलीम देणारे पन्नास होते, पोरी. घासभर खातो का, हे विचारायला कोणी नाही गेलं. मीसुद्धा नाही." एवढं बोलून तू कुंड्यांना पाणी घालायला लागलीस, आणि मला मागून फक्त तुझे खांदे हलताना दिसत होते. बाबा गेल्यावर तू रडली नव्हतीस. त्या दिवशी रडलीस.

पुढचे महिने तू एक दिवस चुकवला नाहीस. फुलं आली, बाईने ती कापली, वाळवली, लोण्यात शिजवून काहीबाही केलं. त्यात तू लक्ष घातलं नाहीस. "माझं काम मातीपर्यंत," म्हणालीस. तुझ्या जाण्याला थोडेच दिवस उरले असताना एका संध्याकाळी बाईने खालून काठीने छत ठोकलं. मी घाबरून धावले, तू माझ्या मागे. ती टेबलाशी बसली होती, समोर नुसता चमचा. मला म्हणाली, "तुझ्या आईला विचार, जेवायला काय आहे. मला भूक लागलीय." मी तुला सांगितलं. "काय लागली?" तू विचारलंस. "भूक, आई." तू जिना कशी चढलीस कोण जाणे, त्या गुडघ्यांनी. मुगाची मऊ खिचडी, वर तूप. तू तिच्यासमोर बसलीस आणि एकेक घास मोजावा तशी बघत राहिलीस. तिने वाटी संपवली, तुझ्यापुढे केली, आणि तुझ्याकडून शिकलेला तिचा एकमेव मराठी शब्द म्हणाली, "अजून." आपण थांबलो. तास गेला, खिचडी पोटातच राहिली. ती त्यानंतर बरीच वर्षं जगली, तू होतीस तोवर तिची खबर मी तुला फोनवर देत आलेच. तू तिच्याआधी गेलीस.

हे पत्र मी फाडणार आहे, ठेवलं तर इथंच वाढलेली माझी लेक मोडक्या मराठीत वाचायचा प्रयत्न करेल आणि प्रत्येक शब्दाला मला हाक मारेल. पण एक गोष्ट तुला कधी सांगता आली नाही. एअरपोर्टवर तू म्हणालीस, "दुःख घेऊन आली मी तुझ्याकडे, तुझ्या डोक्याला ताप झाला." मी नुसतं "काहीतरीच काय" म्हणाले. खरं सांगू? बाबा नव्हते, बाई मरणाच्या दारात होती, माझा जीव व्हिसाला टांगलेला, आणि तरी ऑफिसातून येताना मी गाडी जोरात हाणायची, कारण तू घरी होतीस. तेव्हा होते तितकी सुखी मी त्याआधी नव्हते आणि नंतरही झाले नाही.