कात्री कुणाच्या हातात

दि. ५ फेब्रुवारी

ती. स्व. दादास,
शि. सा. न. वि. वि.

पत्र बघूनच तुझ्या कपाळावर आठ्या पडल्या असतील, की बारकीला अचानक भावाची आठवण कशी झाली. तर सरळ सांगते. तुझ्या मुलाचा फोन आला होता. तू हेडमास्तरांच्या निरोप समारंभासाठी कोट शिवलास आणि तो त्यांच्या पोटावर वीतभर उघडा राहिला, ही बातमी तुझ्या गावातून निघून त्याच्या शहरात आणि तिथून माझ्या स्वयंपाकघरात पोचली आहे. भाषणं चालली होती तेव्हा हेडमास्तर म्हणे दोन्ही हात पोटावर धरून उभे होते. लोकांना वाटलं, गहिवरले.

हसून झालं, आता ऐक. मुलगा म्हणतो, दुकान बंद करायचं आणि तुम्हा दोघांना त्याच्या फ्लॅटवर न्यायचं. मी म्हटलं, थांब, आधी मी बोलते. पण खरं सांगू का, मलाही त्याचं पटतंय. गिऱ्हाईक आज हसलं, उद्या हसणार नाही.

मी सगळी नोकरी वॉर्डात काढली. नर्स म्हणून लागले तेव्हा खाटांवर तापाची पोरं असायची, म्हातारं माणूस औषधालाही सापडायचं नाही. निवृत्त झाले तेव्हा निम्मा वॉर्ड पिकल्या केसांचा. आम्ही माणसं जगवली, पण जगलेल्या माणसाचं डोकं थकायला लागलं तर काय करायचं, हे आम्हाला कुणी शिकवलंच नव्हतं. घरचे म्हणायचे, वय झालं, आणि परत घेऊन जायचे. तुझं तसं मी होऊ देणार नाही. महिनाअखेरीस येते आणि तुला डॉक्टरकडे नेते. नाही म्हणून बघ फक्त.

वहिनीला नमस्कार. लोभ आहे म्हणून दटावते, तुझाही असू दे.

तुझी,
बारकी


दि. १२ फेब्रुवारी

चि. बारकीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र पोचलं. वजनकाट्याने तुझं नाव कधीच खोटं पाडलं, पण जिभेची धार आहे तशीच आहे.

हेडमास्तरांच्या कोटाबद्दल ऐकलंस ते खरं, पण माझी बाजू तुला कुणी सांगितली नसेल. मी जुन्या गिऱ्हाइकाला टेप लावत नाही, हे गावाला ठाऊक आहे. टेप नव्या माणसासाठी. जुना माणूस दारात उभा राहिला की वरपासून खालपर्यंत एकदा बघायचं, माप डोक्यात. सगळा धंदा मी असाच केला. हेडमास्तर दारात उभे राहिले, मी बघितलं आणि जे दिसलं ते बेतलं. मला दिसला तो नुकताच नोकरीला लागलेला काटकुळा मास्तर, त्याला मी काय करू? कोटाचे खांदे बघ, बाही बघ, एक सुरकुती दाखव. हेडमास्तर स्वतः येऊन म्हणाले की, ते एके काळी बारीक होते हे त्यांच्या बायकोलाही आता आठवत नाही, मला तरी आठवलं. कोट परत द्यायला तयार नाहीत.

चूक झाली, मान्य. पण एका कोटावरून मला मोडीत काढता? आबा गेले तेव्हा त्यांची मिशीसुद्धा पुरती पिकली नव्हती. आजोबांना तर आपण पाहिलंच नाही. आपल्या घराण्यात इतक्या लांबवर आलेला मीच पहिला. पुढे रस्ता कसा आहे, खड्डा कुठे आहे, हे विचारायचं कुणाला? मग मी कुठे ठेचकाळलो तर एवढा गहजब कशाला?

मुलाच्या फ्लॅटवर मी जाणार नाही. तिथे मी खिडकीत बसवलेला म्हातारा. इथे सकाळी शटर वर केलं की मी टेलर असतो. दुकान गेलं की मी गेलो, हे पक्कं समज. डॉक्टरकडे येईन, तेही तुझ्या समाधानासाठी.

लोभ कमी करू नकोस, बडबड थोडी कमी केलीस तर चालेल.

तुझा,
दादा


दि. १४ फेब्रुवारी

प्रिय वन्सं यांस,
स. न. वि. वि.

ह्यांच्या पाठोपाठ माझं पत्र आलं म्हणून घाबरू नका. ह्यांनी अर्धंच लिहिलं असणार, उरलेलं मी लिहिते.

कोट ही पहिली गोष्ट नव्हे. मागच्या महिन्यात हे सकाळी डबा घेऊन निघाले ते थेट जुन्या दुकानी. ती जागा सोडून किती वर्षं झाली, आता तिथे औषधांचं दुकान आहे. शटर उघडेना म्हणून हे पायरीवर बसून राहिले. औषधवाल्याने चहा पाजला आणि हाताला धरून घरी आणलं. हे हसत आले, म्हणाले की पायांची खोड जात नाही. मीही हसले. मग मोरीत जाऊन नळ सोडला आणि पोटभर रडले. हे तुम्हालाच सांगते.

पण वन्सं, हात बघाल तर तसाच आहे. सुईत दोरा अजून माझ्याआधी ओवतात. कॉलर उलटवावी तर ह्यांनीच. विसरतात ती माणसांची वयं, वार आणि जुनं कुठलं, नवं कुठलं. शिवण विसरलेले नाहीत. मी जन्मभर ह्यांच्या मागच्या स्टुलावर बसून काजं केली आहेत. काय गेलंय आणि काय राहिलंय, ते मला नीट दिसतं.

मुलगा वाईट नाही हो, त्याचा जीव तुटतो. पण त्या फ्लॅटमध्ये हे दिवसभर करणार काय? सुनेने चहा दिला की पिणार, टीव्ही लावला की बघणार, आणि हळूहळू सगळंच सोडून देणार. तुम्ही डॉक्टरांना दाखवा, काय असेल ते ह्यांच्या तोंडावर सांगा, लपवू नका. पण दुकानाला कुणाला हात लावू देऊ नका. बाकी मी खंबीर आहे.

माझ्यावर तुमचा लोभ आहेच, तो या वेळी ह्यांच्या बाजूने खर्च करा.

तुमची,
वहिनी


दि. ६ मार्च

ती. स्व. दादास,
शि. सा. न. वि. वि.

सुखरूप पोचले. डॉक्टर बोलले ते तुझ्यासमोरच बोलले, तरी लिहून पाठवते, कारण तू सोयीचं तेवढंच ऐकतोस. हे नुसतं वयाचं विसरणं नाही, आजाराची सुरुवात आहे. गेलेलं परत येणार नाही, पण पुढचं जपता येईल. रक्तदाबाची गोळी चुकवायची नाही, रोज चालायचं, कानाचं यंत्र लाजायचं सोडून लावायचं, माणसांत राहायचं आणि हात चालू ठेवायचे. ते तुला तपासत होते आणि तू त्यांना सांगितलंस की त्यांच्या कोटाचा डावा खांदा उतरलाय. बिचारे तपासणी सोडून आरशात बघायला गेले. माझी मान तेव्हा ताठ झाली, हे तोंडावर बोलले नाही, आता लिहिते.

येताना मी तुझ्या मुलाच्या बाजूची होते. तुझ्या दुकानात बसले आणि पक्ष बदलला. त्याला तसं कळवलं आहे. रुसलाय, पण एका अटीवर कबूल झालाय, आणि ती अट त्याची नाही, माझी आहे. दादा, कात्री खाली ठेव. शिवण चुकली तर उसवता येते, कापलेलं कापड पुन्हा अखंड होत नाही. आणखी दोन कोट बिघडले की गिऱ्हाईक तुटेल, आणि मग दुकान आपोआपच बंद होईल. तू शीव, इस्त्री कर, गिऱ्हाइकांशी हुज्जत घाल. फक्त बेतू नकोस.

मग बेतणार कोण, ते तू ठरव. मला दिसतंय, पण मी सुचवलं तर तू हट्टाने नाही म्हणशील. रागावला असशील तर पत्रात रागाव, पण लिही.

लोभात काटछाट करू नये, ही विनंती.

तुझी,
बारकी


दि. २ एप्रिल

चि. बारकीस,
अ. उ. आ.

रागावलो होतो. तुझं पत्र मशीनच्या खणात टाकलं आणि बरेच दिवस कात्री सोडली नाही. तुझ्या वहिनीशीही धड बोललो नाही. ती बिचारी गोळी आणि पाणी समोर ठेवायची आणि काजं करत बसायची.

मग हेडमास्तर नवं कापड घेऊन आले. त्यांना त्यांच्या आत्ताच्या पोटाचा कोट हवा होता. मी ते कापड टेबलावर पसरलं, खडू घेतला, त्यांच्याकडे बघितलं, आणि बारके, पुन्हा तोच काटकुळा पोरगा उभा. मला माहीत होतं की तो खरा नाही. तरी दुसरा कुणी दिसेना. तुझ्या अटीमुळे नव्हे, त्या क्षणी मी आपणहून कात्री खाली ठेवली आणि तुझ्या वहिनीला हाक मारली.

तिने टेप काढला. हेडमास्तरांना श्वास सोडायला लावला, पोट आत घेतलं म्हणून दटावलं, खडूने खुणा केल्या आणि मला काही न विचारता कात्री चालवली. एकदाही अडली नाही. नुसत्या आवाजावरून मला कळलं की हात तयार आहे. कुठे शिकली म्हणून विचारलं तर म्हणाली की, इतकी वर्षं माझ्या पाठीमागे बसून दुसरं बघण्यासारखं होतं काय! कोट मी शिवला. हेडमास्तरांना असा बसलाय की ते आता तो घालून भाजी आणायला जातात. मुलगाही येऊन बघून गेला. फ्लॅटचा विषय काढला नाही, जाताना स्वतःसाठी एक पँट शिवायला टाकून गेला. बेतताना त्याची आई त्याला पोटावरून खूप बोलली.

आता तुला म्हणून सांगतो, तिला सांगू नकोस. काल दुपारी मी बाही जोडत होतो. मान वर केली तर समोर एक बाई कापड बेतत होती. ही कोण, कधी आली, काही आठवेना. घाबरलो नाही, खरंच नाही. मी तिचा हात बघत राहिलो आणि मनात आलं की बाई भलतीच हुशार आहे, हिला आपल्या दुकानात ठेवून घ्यायला हवं, दुसरीकडे जाऊ द्यायचं नाही. तेवढ्यात तिने माझ्याकडे बघून चष्मा वर सारला, आणि मला सगळं आठवलं.

असं पुन्हा होईल, वाढत जाईल, डॉक्टर म्हणालेच आहेत. पण माझी चिंता मिटली. ओळख पुसली गेली तरी मला तीच पसंत पडली, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं.

लोभ असावा. माझ्या वाट्याचाही आता तूच सांभाळ.

तुझा,
दादा