कात्रणवह्यांना वाळवी लागली नव्हती

बेलवली, बदलापूर
रविवार, ८ फेब्रुवारी २०२६

प्रिय आत्या,

मागच्या पत्रात मी तुला लिहिलं होतं की तुझ्या कात्रणवह्यांना वाळवी लागली, म्हणून त्या वाचनालयातून काढाव्या लागल्या. ते खोटं होतं. एकाही वहीला वाळवी लागलेली नव्हती. वह्या तेवीस होत्या असंही लिहिलं होतं, त्या सव्वीस आहेत. काल रद्दीच्या पोत्यांत हात घालून मोजल्या. फोनवर तुला नीट ऐकू येत नाही आणि मध्ये सांगायला घरातला अनीशदादा असतो, म्हणून पुन्हा पत्रच लिहितेय.

डिसेंबरात समितीने मला निर्लेखनाची यादी करायला सांगितली, म्हणजे संग्रहातून कायमची काढायची पुस्तकं. नवीन कपाटांना जागा हवी होती. नियम सरळ होता, पाच वर्षांत एकदाही घरी नेलं नसेल ते पुस्तक काढायचं. कॉम्प्युटरने यादी दिली. त्यात सव्वीस ओळी अशा होत्या : लेखक नाही, प्रकाशक नाही, देवघेव शून्य. मी त्या ओळींवरून बोट फिरवलं आणि पुढे गेले. नंतर एकेका वहीवर ‘रद्द’चा शिक्का मारला, तोही मीच. त्या दिवशी साडेचारशे शिक्के मारले, हात भरून आला होता. वही उघडून बघितली असती तर तुझं अक्षर दिसलं असतं.

देवघेव शून्य असणारच होती. तू त्या वह्या कधी कुणाला घरी नेऊच दिल्या नाहीस. माणूस आला की त्याला खिडकीजवळच्या टेबलाशी बसवायचीस, वही काढून द्यायचीस, पाणी द्यायचीस. त्याची नोंद कुठे होणार? मला हे माहीत होतं गं. परीक्षेत मी यावर पानभर उत्तर लिहिलंय, की बसून वाचलेलं पुस्तक कार्डावर दिसत नाही. आणि त्याच्याही आधी, दम्यामुळे दुसरीपर्यंत माझी शाळा घरीच होती तेव्हा, तू मला अक्षरं त्या कात्रणांवरूनच शिकवलीस. कडेला पेपरचं नाव आणि तारीख लिहिल्याशिवाय खळ लावायची नाही. एकदा मी तारीख अंदाजाने ठोकून दिली होती. तू ओरडली नाहीस, खोडरबर हातात दिलंस आणि म्हणालीस, माहीत नसेल तर ‘माहीत नाही’ असं लिहावं, त्यात कमीपणा नसतो.

जानेवारीच्या मध्यावर पोती रद्दीत गेली. पुढच्याच आठवड्यात गावातून वेणूबाई आल्या. तुला आठवत असतील, नळाच्या मोर्च्यात हंडा घेऊन सगळ्यात पुढे उभ्या होत्या, त्या. दर वर्षी येऊन वहीतला तो पेपरातला फोटो बघून जातात हे मला माहीतही नव्हतं. या वेळी नातसून बरोबर होती. “हिला वाटतं म्हातारी थापा मारते,” म्हणाल्या. “काढ पोरी वही, दाव हिला.” मी रिकामं कपाट उघडून दाखवलं. मग त्यांनीच विचारलं, “का गं? वाळवीनं खाल्ली का काय?” आणि मी मान हलवली. वाळवी तिथून आली, आत्या. घरी येऊन तुला लिहायला बसले तेव्हा तीच कागदावर उतरली. कुणाचाच दोष नसलेलं कारण होतं ते.

दुसऱ्या दिवशी मी अंबरनाथच्या वाचनालयाला फोन केला. वाटलं, त्यांच्याकडे निदान त्यांच्या गावाची कात्रणं असतील. तिथल्या शलाका मॅडम हसल्या. “आमचं सगळं तुमच्याकडेच नाही का? आम्ही तर अजून लोकांना चिठ्ठी देऊन तुमच्याकडे पाठवतो.” उल्हासनगरचंही तेच. तिथून येणाऱ्या सिंधी बातम्यांमागे पेन्सिलीने मराठी सारांश लिहिलेला असायचा, ती पाकिटं मी लहानपणी फोडलेली आहेत. तिन्ही वाचनालयांच्या तुम्ही तिघी ग्रंथपालांनी आपसात ठरवलंत की एकीने जपायचं आणि तिघींनी वापरायचं. तो ठराव कुठल्याच फायलीत नाही. तिन्ही गावांची बत्तीस वर्षं एका कपाटात होती आणि मी ते कपाट रिकामं केलं.

झोप नीट लागत नाही. रोज उठून वाचनालय उघडते, पेपर लावते, खुर्च्या पुसते. सगळं करते आणि काहीच केल्यासारखं वाटत नाही.

काल विठ्ठलवाडीला रद्दीवाल्या हितेशभाईंच्या गोदामात गेले. पोती कोपऱ्यात तशीच आहेत. पुठ्ठे जाड असल्याने आधी सोलावे लागतात, म्हणून मागे राहिली. मी परत मागितली तर म्हणाले, “मॅडम, पैशाची बात नाय. ह्याच्यावर लायब्ररीचा ठप्पा आहे. उद्या कोणी बोलेल हितेशने लायब्ररीचा माल इधर उधर केला. कमिटीची चिठ्ठी आणा, चुकून गेलं असं लिहून आणा, मी स्वतः रिक्षात टाकून देतो.” गुरुवारी सकाळी पेपर मिलचा ट्रक येतो. तोवर पुठ्ठे सोलायचे नाहीत, एवढं त्यांनी कबूल केलं.

आता जे लिहायचं टाळत होते ते लिहिते. गेल्या रविवारच्या सभेत वेणूबाईंची तक्रार निघाली. अध्यक्ष चिंतामणीकाका म्हणाले, “अहो, तो मीनलताईंच्या काळातला पसारा. ना नोंद, ना पत्ता. या मुलीने तरी किती निस्तरायचं?” सगळ्यांनी माझ्याकडे कौतुकाने बघितलं. इतिवृत्तात लिहिलं गेलं की पूर्वीच्या ग्रंथपालांनी नोंदी न ठेवल्यामुळे कात्रणवह्या नष्ट झाल्या. ते लिहून घेणारी मीच होते, आत्या. पुढच्या सभेत ते इतिवृत्त कायम होईल आणि त्याच सभेत मला नोकरीत कायम करण्याचा ठराव आहे. काका तुला त्याची प्रत पाठवणार आहेत, भाचीच्या नोकरीची गोड बातमी म्हणून. त्यात तुझ्या नावापुढे काय लिहिलंय ते तू आधी माझ्याकडून वाचावंस, म्हणून हे पत्र. वह्या नोंदवहीत तुझ्या हातच्या दाखल क्रमांकांसह आहेत, मी तपासलं. न बघता काढल्या त्या मी. तसं लेखी देऊन, ते वाक्य खोडायला लावून, हितेशभाईंसाठीची चिठ्ठी मी माझ्या ठरावाच्या आधी मागणार आहे. मग ठरावाचं काय व्हायचं ते होवो. सभा बुधवारी, अकरा फेब्रुवारीला, सकाळी साडेदहा वाजता आहे.

तुझ्याच हाताखाली शिकलेली, तुझीच
राजसी