नाय ताक

४ मार्च १९३४

आये नाहीच म्हणाली! ‘नॉर्वे’ हा शब्द पुरा व्हायच्या आत! मी नकाशा उलगडून दाखवला, तर तिने त्यावरच बांगडे ओतले आणि निवडायला बसली. समुद्र ओलांडण्याला तिची हरकत नाही — खारव्याच्या घरात तसली हरकत असून चालेल कसं? हरकत एकच: “तिकडं तुला जेवाया कोन वाढील?” म्हटलं, ऑस्लोच्या विद्यापीठात माशांचं शास्त्र शिकवतात. “मासं शिकाया रत्नागिरी सोडून जातोस? खुळा हायस काय?” आबांनी हात झटकले. आयेने परवानगी दिली तर जा, नाहीतर होडीवर चल, म्हणाले.

५ मार्च

रागाने जेवलो नाही.

दुपारी जेवलो. बांगडा फार ताजा होता.

७ मार्च

प्रोफेसर हाल्वोरसेन आगबोटीने आले. बांगड्याच्या अभ्यासासाठी किनाऱ्या-किनाऱ्याने फिरताहेत. मुंबईच्या कॉलेजात ओळख झाली होती. मला आपल्या हाताखाली ऑस्लोला शिकायला घ्यायला ते एका पायावर तयार आहेत. माडासारखे उंच, उन्हाने लालबुंद. उद्या आमच्याकडे जेवायला! आये त्यांना ‘हळवेसायब’ म्हणते. “चांगला मराठी नाव हाय की!” देवा, उद्या आयेचं मन वळू दे. गणपतीपुळ्याला चालत जाईन.

८ मार्च

काय हा दिवस! हसता हसता दौत सांडली.

साहेब पाटावर बसले — गुडघे कानाशी. माझ्याशी इंग्रजी, आयेशी मात्र थेट आपली नॉर्वेची भाषा. का? तर म्हणे, त्या त्यांच्या भाषेत बोलतात, मग मीही माझ्या भाषेत बोलणं हीच रीत! आयेने भात वाढला. साहेब मान लववून म्हणाले, “ताक!”

आयेचा चेहरा असा खुलला! “कळतंय की रे ह्याला!” ताक आलं. साहेब प्यायले आणि म्हणाले, “ताक!” पुन्हा आलं. ते संपवलं. “तूसन ताक!” आये आबांकडे वळून म्हणाली, “ऐकलात? तुज्याच हातचा ताक, म्हनतो!” मलाही वाटलं, थंड मुलखातला माणूस, उकाड्याने जीव हैराण झाला असेल.

आणि ‘हो’ म्हणायची ह्यांची तऱ्हा! श्वास आत ओढून, दचकल्यासारखं — “या!” पहिल्यांदा ऐकलं तशी आये किंचाळली, “काटा अडाकला!” आणि भाताचा हा एवढा गोळा साहेबांच्या तोंडात कोंबला. चव बरी आहे ना, मी विचारलं. साहेब पुन्हा “या!” पुन्हा गोळा!

आबा हळूच म्हणाले, अगं, मासळीवर ताक, अंगावर पांढरे डाग उठतील. आये म्हणाली, “आनि किती पांढरा व्हायचा राह्यलाय तो?”

शेवटी साहेबांनी पेल्यावर हात ठेवला आणि कळवळून म्हणाले, “नाय ताक!”

झालं! दारी आलेला पाहुणा म्हणतो, ताक नाही! आये शरमेने अर्धी झाली. शेजारच्या चिमाकाकीकडे म्हैस आहे. तिच्याकडे मला कळशी देऊन पिटाळलं. मी भरली कळशी घेऊन आत आलो. साहेबांनी ती पाहिली आणि डोळे मिटून घेतले.

९ मार्च

साहेब डाकबंगल्याबाहेर पडले नाहीत. निरोप आला — पोट.

१० मार्च

साहेब बंदरावर भेटले. चेहरा उतरलेला. चाचरत विचारलं, तुझ्या आईचा माझ्यावर काही राग आहे का? मग सगळा उलगडा झाला. त्यांच्यात ‘ताक’ म्हणजे आभार! ‘तूसन ताक’ म्हणजे हजार आभार! आणि ‘नाय ताक’ म्हणजे — नको, आभारी आहे! मी धक्क्यावर गडाबडा लोळलो. साहेब काही हसले नाहीत.

कधी एकदा घरी सांगतो असं झालं. धावत आलो तर आये उंबऱ्यात उभी, पदराने डोळे पुसत. “जा तू,” म्हणाली. “ज्या मुलकात घासा-घासाला ताक मागतात, तिकडं माजा पोर उपाशी नाय ऱ्हायाचा.”

तोंड उघडलं होतं. मिटलं.

१९ मे

उद्या आगबोट! सामानात कपडे कमी, सुके बोंबील जास्त. आयेचा हळवेसाहेबांना निरोप: “ताक बेतान पी म्हनावं. बादतो.” ती रडली नाही. मीच मेला सकाळपासून रडतोय. चिमाकाकीच्या म्हशीला बघूनसुद्धा रडलो.

३ सप्टेंबर, ऑस्लो

विद्यापीठाची खाणावळ. उकडलेला मासा, उकडलेले बटाटे. मीठ घातलंय की नाही, देव जाणे. वाढणाऱ्या बाईंना म्हटलं, “ताक.” त्या हसल्या, मान डोलावली, पुढे गेल्या. मी खुळ्यासारखा दाराकडे बघत बसलो. कळशी घेऊन कोणी येईना. आयेची फार आठवण आली. आपलं आपल्याशीच पुटपुटलो, “नाय ताक.”

बाईंनी ऐकलं, आणि माझं ताट उचलून नेलं.