दारापासून चार फूट

३ एप्रिल २००६

परीक्षा नाही! लायसन्स नाही! वय अठराच्या वर हवं आणि खटल्यात आपण स्वतः पक्षकार नको — बस्स. मिनेसोटात एवढ्यावर कुणीही कोर्टाचे कागद पोचवू शकतं. मार्लीसला तीनदा विचारलं. ती हसून म्हणाली, "रोशनी, कायदा एवढाच. बाकी सगळं पायांचं काम." मार्लीस सत्तरीची. ईडन प्रेरी गावात दोन खोल्यांचं ऑफिस. वकील तिला पाकिटं देतात, तिची माणसं ती पोचवतात. उद्यापासून मीही! ग्रीन कार्ड आल्यावरची पहिली नोकरी.

५ एप्रिल

नियम वाचत बसले होते. इथे कोर्टात काही दाखल व्हायच्या आधीच, समोरच्याला समन्स मिळालं की त्या क्षणी खटला सुरू होतो. म्हणजे माझ्या हातून! रविवारी द्यायचं नाही. आणि माणूस कितीही मोठा असो नाहीतर फाटका, आधी त्याला कळवायचं, मगच त्याच्याबद्दल काही ठरवायचं. नवऱ्याला, पंडितला, सगळं वाचून दाखवलं. "वरण करपतंय, वकीलसाहेब," तो म्हणाला. खरंच करपलं होतं.

११ एप्रिल

पहिला कागद दिला. तो माणूस थँक्स म्हणाला. थँक्स!

२ मे

आजच्या पाकिटावर नाव गुरुदत्तचं. पंडितच्या ऑफिसातला डायरेक्टर, त्याचा साहेब! मराठी मंडळाच्या गणपतीत स्टेजवर असतो तोच. त्याने साताऱ्याकडून सुवर्णाबाईंना आणलं होतं — स्वयंपाकाला, आणि म्हाताऱ्या वडिलांना सांभाळायला. त्यांचा पासपोर्ट काढून घेतला. दोन वर्षं घरी जाऊ दिलं नाही. मार्चमध्ये त्या निघून गेल्या, आता एका चर्चच्या आसऱ्याला आहेत. मागणं एकच, पासपोर्ट परत द्या.

पंडित म्हणाला, "दुसऱ्या कुणाला पाठव म्हण ना, यार. टीममधून चार जण काढणार म्हणतायत."

त्याचं चुकत नाही. पण दुसऱ्या कुणाला म्हणजे कुणाला?

६ मे

गुरुदत्तच्या घरी तीन फेऱ्या फुकट. गॅरेजचं दार वर जातं, गाडी बाहेर पडते, दार खाली. काच काही उतरत नाही. आणि वर त्याचा पंडितला फोन! "बायकोला सांग, घरातली गोष्ट आहे. उद्या मंडळात तोंडं बघायचीत एकमेकांची." पंडित म्हणाला, "सर, तिचं काम तिचं आहे." आणि मग बाथरूममध्ये नळ सोडून बसून राहिला.

९ मे

दिला!!

दार वडिलांनी उघडलं. जगन्नाथ आजोबा. ऐंशीच्या पुढचे, स्वेटरची बटणं गळ्यापर्यंत लावलेली. घरातच राहणारा, जाणता, समज असलेला माणूस असेल तर त्याच्याकडे दिलं तरी चालतं.

"आजोबा, तुम्ही इथेच राहता?"

"इथेच. आणखी कुठे जाणार?"

"तुमच्या मुलाच्या नावाचा कोर्टाचा कागद आहे. त्यांना द्याल?"

"द्या," म्हणाले, आणि दोन्ही हात पुढे केले.

माझे आजोबा तहसिलीचा कागद घेऊन गावात जायचे. ओट्याखाली जमिनीवर ठेवायचे आणि मागे सरायचे. मग घरातलं कुणीतरी पाणी शिंपडून तो उचलायचं. आज कागद हातातून हातात गेला. बोटांना बोटं लागली.

७ जून

गुरुदत्तने शपथपत्र दिलंय. वडिलांची समज गेलेली आहे, त्यांना दिवस-वार कळत नाही, म्हणून त्यांच्याकडे दिलेला कागद दिलाच नाही असं धरा! शपथेवर! स्वतःच्या बापाबद्दल!

माझंही शपथपत्र आहे — जाणता माणूस म्हणून दिला. दोहोंतलं एक खोटं. आणि मी त्यांना पाहिलं किती? पाच मिनिटं. खरंच समज नसेल तर?

८ जून

मार्लीस म्हणाली, "तू पाहिलंस ते लिहिलंस. तेवढंच सांग."

२२ जून

आज कोर्टात सुनावणी होती.

माझी साक्ष चार मिनिटांत आटपली. मग सुवर्णाबाईंच्या वकिलाने आजोबांना बोलावलं. गुरुदत्त खाली बघत होता. दुभाषा पुढे आला. आजोबा इंग्रजीत म्हणाले, नको, मी तीस वर्षं सरकारी मोजणी खात्यात काढली आहेत.

तारीख? नऊ मे, मंगळवार. वेळ? अकरा वाजून दहा मिनिटं. ही बाई कुठे उभी होती? "दारापासून चार फुटांवर. सव्वाचार म्हणा." सगळं कोर्ट हसलं. न्यायाधीशबाईसुद्धा. ते हसले नाहीत.

कागदाचं काय केलंत?

"वाचला. मुलाच्या टेबलावर ठेवला. त्या बाईंचा पासपोर्ट परत मागितला आहे. तो द्यायला हवा."

मग मुलाकडे वळून मराठीत, अगदी हळू — "दत्ता, मला सगळं कळतं रे."

दुभाष्याने भाषांतर केलं नाही, कुणी मागितलंही नाही. मी एवढी मोठी माणसं कमी पाहिली आहेत.

मागे वळले तर शेवटच्या बाकावर पंडित. ऑफिसला दांडी मारून!

३० जून

निकाल: कागद रीतसर पोचला. पुढे लढायच्या आत गुरुदत्तने पासपोर्ट वकिलाकडे पाठवून दिला. पंडित अजून टीममध्ये आहे. गुरुदत्त त्याच्याशी बोलत नाही. "चालेल," पंडित म्हणतो.

२ जुलै

घरी परत निघालेल्या सुवर्णाबाईंना निरोप द्यायला गेले होते. सहज विचारलं, इथे ओळखपाळख नाही, वकील कसा गाठलात?

"मला कुठलं इंग्रजी येतंय, ताई? पत्र आजोबांनीच लिहिलं. दारही त्यांनीच उघडून दिलं. म्हणाले, तुम्ही निघा. कागद आला की घ्यायला मी घरातच आहे."