पेन्सिलीचा अंदाज

गोंदिया, रविवार, १२ मार्च २००६

एका मोठ्या कॉम्प्युटर कंपनीच्या वर्धापनदिनाला तिचा स्वस्त लॅपटॉप येणार, असं इंटरनेटवर तिचे सगळे चाहते म्हणताहेत. मीही काकांना तेच ठासून सांगून बसले, आणि त्यांनी दुकानासाठी कॉम्प्युटर घेणं लांबवलं. दिवसभर टोचत राहिलं. मला घरी अक्षरं शिकवली ती काकांनीच. त्यांचाच नियम: अंदाज पेन्सिलीने लिहायचा, खात्रीचं शाईने. मी तर शाईनेच बोलले ना?

संध्याकाळी कबूल केलं, "काका, तो नुसता अंदाज होता."

"मले माहीत हाय. अंदाज सांगतानी तू वेणी ओढतेस," ते म्हणाले. "काऊन घाबरतेस? तुह्यासंगं वाट पाहून राहिलो, मजा येते."

लॅपटॉपचं वर पेन्सिलीने लिहिलंय. काकांचं वाक्य शाईने.