मी आहे, ठीक आहे

सोमवार, ३ मार्च

ठरलं एकदाचं. आमचं डेटा सेंटर बंद!

साहेबांनी फोनवर सांगितलं. ऑफिसात त्यांना सगळे 'गजर' म्हणतात, कारण ते वाजतात फार. नवं राखीव सेंटर दुसऱ्या गावात उभं राहिलंय. सोळा तारखेच्या रविवारी इथल्या सगळ्या सेवा तिकडे हलवायच्या. "आणि ते तुम्हीच करायचं बाई. तुमच्याइतकं ते सेंटर कोणाला ठाऊक आहे?" म्हणजे आपल्याच हातानं आपल्या दाराला कुलूप, वर कौतुक!

हॉस्पिटलांच्या नोंदण्या, रिपोर्ट, औषधं—सगळं मुख्य सेंटरवरून चालतं. तिथे आग लागली, पाणी शिरलं, तरच आमची पाळी. एरवी आम्ही नुसते गुडघ्याला बाशिंग बांधून बसलेले. आत्ता कुठे त्यांच्याकडे वायरिंगचं काम निघालं आणि महिनाभर सगळा कारभार आमच्याकडे आला. काय खूश होते मी! तो निरोपसमारंभ होता हे आज कळलं.

"माझं पुढे काय?" विचारलं. "बघू. तुमची काहीतरी सोय करू." गजर इतका हळू कधी वाजला नव्हता.

बुधवार, ५ मार्च

दादाचा फोन नाही. म्हणजे आई बरी आहे.

शुक्रवार, ७ मार्च

सेंटरमध्ये मी एकटीच असते. दारावरचा रखवालदार सकाळी विचारतो, "आलात?" संध्याकाळी विचारतो, "निघालात?" आज तो रजेवर. संध्याकाळी दुकानात दूध मागायला तोंड उघडलं तर आवाजच फुटेना! दिवसभरातला पहिला शब्द होता तो. दुकानदार म्हणाला, "घसा सांभाळा." हो म्हटलं. काय सांगणार त्याला?

शनिवार, ८ मार्च

आतल्या खोलीतली चादर बदलली. तिथे कोणी झोपत नाही. तरी दर शनिवारी बदलते.

बाबा गेले त्या वर्षी ही खोली आईसाठी लावली. तिला चढता यावं म्हणून पलंगाचे पाय कापून घेतले. सुतारानं विचारलं, "लहान मुलं आहेत का घरात?" न्हाणीघरात धरायला दांडा बसवला. खिडकीपाशी खुर्ची ठेवली. आई तेव्हा दादाकडेच राहिली, ते सगळ्यांना सोयीचं होतं. मी दादाला म्हटलं, "आईचं कधी काही लागलं तर मी आहे." तो म्हणाला, "तू आहेसच गं." तेव्हापासून मी आहेच!

ये म्हणून कसं म्हणायचं? वहिनी तिचं मनापासून करते. मी बोलावलं तर तिला वाटणार, हिला आमच्यात खोट दिसली. आणि आईचा तिथे जीव रमलाय, नातवंडं आहेत. इथे काय आहे? मी आणि खिडकी. लागेल तेव्हा येईल, असं म्हणते आणि चादर बदलते. कधी कधी वाटतं, एकदा आईचं आणि वहिनीचं कडाक्याचं वाजावं. मेली मी! असलं मनात येतं आणि मग रात्रभर दादाच्या फोनची धास्ती.

रविवार, ९ मार्च

आईला रविवारचा फोन.

"कशी आहेस?" "मी बरी आहे गं. तू?" "मी मजेत." "काम?" "जोरात." "बरं, मग ठेवू?" "ठेव."

सेंटर बंद होतंय ते सांगितलं नाही. तिला कशाला घोर?

बुधवार, १२ मार्च

आज तालीम झाली. पलीकडे फोनवर नव्या सेंटरचे गृहस्थ होते. मनातल्या मनात मी त्यांना 'जावईबापू' म्हणते. सगळं आयतं मिळतंय ना! पण माणूस नम्र आहे, विचारतो.

दोन सेंटरं एकमेकांशी कशी बोलतात ते त्यांना सांगितलं. चालू सेंटर सारखा निरोप पाठवत राहतं—मी आहे, ठीक आहे. मी आहे, ठीक आहे. राखीव सेंटर तो ऐकत बसतं. निरोप थांबला की समजायचं तिकडे घात झाला, आणि आपण उभं राहायचं. तालमीत सुट्या मशिनांवर करून पाहिलं. इकडचं बंद केलं, तिकडचं लगेच उभं राहिलं.

"रविवारीही असंच ना? तुमची मशिनं बंद करायची?"

"छे! खऱ्या कामात नाही. जुन्याला नुसतं मागे व्हायला सांगायचं. नवं नीट चालायला लागेपर्यंत ते बंद करायचं नाही. दुधानं तोंड पोळलंय माझं, ताकही फुंकून पिते."

"बरोबर आहे तुमचं," म्हणाले. बरोबर आहे असं मला किती दिवसांनी कोणी म्हणालं!

शनिवार, १५ मार्च

चादर बदलली. उद्या!

रविवार, १६ मार्च

घरी येऊन चपला न काढताच लिहायला बसलेय.

सकाळी हॉस्पिटलांत वर्दळ कमी, म्हणून तेव्हाच सुरुवात केली. आमच्या सेंटरला "मागे हो" सांगितलं. झालं बापडं, गुणी बाळासारखं. फोनवर जावईबापूंना म्हटलं, "या पुढे." आणि—काहीच नाही! सगळं ठप्प. एकेका हॉस्पिटलचे फोन सुरू झाले. एक नर्स रडकुंडीला आलेली, "अहो, पेशंट टेबलावर आहे आणि रक्तगट दिसत नाहीये!" गजर असा वाजत होता की फोन हातभर लांब धरला.

"तुमचं काही बिघडलंय का हो?" मी विचारलं.

"नाही बाई, आमचं ठणठणीत. तुमचं?"

"आमचंही ठणठणीत."

"मग चालू कोण आहे?"

कोणीच नाही! तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आमचं मागे झालं होतं, पण बंद नव्हतं. माझाच नियम! ते आपलं सवयीनं निरोप धाडतच होतं—मी आहे, ठीक आहे. नवं ते ऐकून स्वस्थ. तिकडे बरं चाललंय, आपली गरज नाही. आणि आमचं नव्या हुकमाच्या प्रतीक्षेत. दोघंही धडधाकट, दोघंही तयार, दोघंही थांबलेली.

"निरोप थांबायची वाट बघू नका," मी ओरडले. "तुम्ही हातानं सांगा. गरज आहे, ये म्हणावं!"

त्यांनी हुकूम टाइप केला. आलं की हो क्षणात! नर्सचा पुन्हा फोन—मिळालं, सगळं दिसतंय. मी खुर्चीत बसले आणि चक्क रडले. रखवालदारानं काचेतून बघितलं, चहा आणून ठेवला आणि काही न विचारता गेला.

आईला फोन करायचा राहिला.

सोमवार, १७ मार्च

एकेक मशिन बंद केलं. या खोलीत आल्यापासून घरघर ऐकतेय, इतकी की ऐकूच येत नव्हती. शेवटचं बटण दाबलं आणि कान बधिर झाल्यासारखे झाले. स्वतःचा श्वास ऐकू आला. भीती वाटली, खरंच सांगते.

किल्ल्या दिल्या. रखवालदार म्हणाला, "निघालात?" हो म्हटलं आणि सवयीनं पर्समध्ये किल्ल्या चाचपल्या.

मंगळवार, १८ मार्च

दिवसभर घरी. दुपारी आतल्या खोलीत, खिडकीपाशी आईच्या खुर्चीत बसले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. चांगली आहे खुर्ची. कोणाच्या बसण्यानं झिजलेली नाही, एवढंच.

मग फोन केला. आईनं उचलला तो घाबरूनच—आज रविवार थोडाच होता!

"काय गं, काय झालं?"

मी मजेत म्हणणार होते. तोंडापर्यंत आलं होतं.

"काही झालेलं नाही. आई, मला इथे एकटीला करमत नाही. तू येतेस?"

पलीकडे काहीतरी खाली ठेवल्याचा आवाज आला. फोन कट झाला असं वाटलं. मग दादाचा आवाज, "काय सांगितलंस तिला? नुसती डोळे पुसतेय."

रडले की नाही मी? रडलेच. लिहून टाकते, कोण वाचतंय!

शनिवार, २२ मार्च

दादा-वहिनी आईला घेऊन आले. वहिनीनं बॅग उचलून आत ठेवली. डांबरगोळ्यांचा भपकारा आला. ती म्हणाली, "भरायला लागलीच नाही हो ताई. बाबा गेले तेव्हापासून आईंच्या पलंगाखाली भरलेलीच होती. हातही लावू द्यायच्या नाहीत."

आई आतल्या खोलीत उभी होती. बुटका पलंग पाहिला, खुर्ची पाहिली, न्हाणीघरातला दांडा धरून हलवून पाहिला.

"हे कधीपासून गं?"

मी बॅगेकडे बोट दाखवलं. "आणि ती?"