वहीतली मुलगी

ता. २ सप्टेंबर

ती. दादास,
धाकटीचा सा. न. वि. वि.

तुझ्या कानांनी राजीनामा दिल्यापासून फोनवर माझं अर्धं बोलणं वाया जातं, म्हणून कागदावर आले. वहिनीला सांग, तिने विणलेला निळा स्वेटर खारूला झाला. बाह्या जरा लांब आहेत, पण खारूच्या मते तिचे हात अजून वाढायचे आहेत. पोरगी अकरा वर्षांची झाली आणि तोंड मात्र तुझ्या वकीलसाहेबांसारखं चालतं. सावकाश बोलते, पण हरत नाही.

आता कामाचं. गणपतीची सुट्टी संपून शाळा उघडली आणि तिसऱ्याच दिवशी दप्तरातून एक पत्र आलं. खारूच्या मदतनीस बाई पुढच्या महिन्यापासून बंद. कारण काय, तर मुलगी स्वावलंबी झाली आहे! जिला चाकाच्या खुर्चीतून संडासाच्या दारापर्यंत कोणीतरी न्यावं लागतं, जिची बोटं पेन्सिलीभोवती वळायला पाच मिनिटं घेतात, ती म्हणे स्वावलंबी. मी मुख्याध्यापिकाबाईंना भेटले. त्या गोड हसून म्हणाल्या की ही तर आनंदाची बातमी आहे, शिवाय शाळेत मदतनीस एक आणि गरजू मुलं दोन, तिसरीतला एक मुलगा कधीपासून वाट बघतोय. तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

शाळेचं पत्र आहे तसं सोबत जोडते आहे. ते धडधडीत खोटं बोलताहेत. तू वकीलसाहेबांच्या कचेरीत इतकी वर्षं लोकांचे अर्ज टाइप करतोस, आता बहिणीसाठी एक सणसणीत पत्र ठोकून दे. हे लिफ्ट दुरुस्तीच्या कामावर बाहेरगावी आहेत, त्यांना अजून काही सांगितलेलं नाही.

लोभ आहे तेवढा एरवी पुरतो, पण या खेपेला थोडा जास्त लागेल.

तुझी,
धाकटी


ता. ७ सप्टेंबर

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

पत्र पोचलं, कानांची चेष्टाही पोचली. वहिनी म्हणते बाह्या उसवून आखूड करून देईन, स्वेटर परत पाठव.

पत्र ठोकण्याआधी विरुद्ध बाजूचे कागद नीट वाचायचे, एवढं मी वकीलसाहेबांकडे शिकलो आहे. शाळेच्या पत्रामागे बावीस पानं जोडली आहेत. तुमच्या घर-शाळा वहीच्या झेरॉक्स. ‘आज खारू स्वतःच्या हाताने जेवली.’ ‘एकटीने कपडे बदलले.’ ‘तिला आता मदत जवळजवळ लागतच नाही, बाईंना उगाच त्रास.’ प्रत्येक पानाखाली पालकाची सही. ते अक्षर मी ओळखतो, तुझ्या हाताला धरून मीच गिरवून घेतलं होतं.

तेव्हा आधी मला सांग, हे खरं आहे का? खरं असेल तर शाळा बरोबर आहे आणि मी घरात सगळ्यांना गोड बातमी देतो. खरं नसेल, तर खोटं कोण बोललं ते तूच बघ.

रागावलीस तरी चालेल, पण उत्तर लगेच दे.

तुझा,
दादा


ता. ११ सप्टेंबर

ती. दादास,
सा. न.

तुझं पत्र दुकानात काउंटरखाली धरून वाचलं. समोर गिऱ्हाईक एकामागून एक चष्मे लावून आरशात बघत होतं आणि मला मान वर करता येईना.

हो, मीच लिहिलं. चार वर्षं, रोज.

पहिल्या शाळेत काय झालं ते तुला ठाऊक आहे. तिथे मी भाबडेपणाने पहिल्याच दिवशी खारूला काय काय जमत नाही ते पानभर लिहून दिलं. आठव्या दिवशी त्यांनी ही मुलगी आम्हाला झेपणार नाही म्हणून परत पाठवली. दुधाने तोंड पोळलं, मग ताकही फुंकून प्यायला लागले. या शाळेत वही ये-जा करते, शाळेतलं बाई लिहितात आणि घरचं आई लिहिते. मी ठरवलं, झाकली मूठ सव्वा लाखाची. घास मी भरवायचे आणि वहीत ती स्वतः जेवायची. शाळेला ती ओझं वाटू नये, एवढंच होतं रे मनात. पुढे सवय लागली. दिवस वाईट गेला की वहीतली मुलगी बघून मलाच बरं वाटायचं. ह्यांनाही घरी आले की वहीच वाचून दाखवते.

तुलाही मी तीच मुलगी पाठवत आले, दादा. स्वेटरच्या बाह्या लांब नाहीत. तिचा डावा हात आता कोपरातून सरळ होत नाही. वहिनीला उसवायला सांगू नकोस.

खरं सांगावं तर चार वर्षं आईच खोटारडी ठरते. न सांगावं तर पोर दिवसभर ओल्या कपड्यांत बसणार. इकडे आड, तिकडे विहीर, आणि दोन्ही मीच खणून ठेवलेत. मला फार भीती वाटते आहे.

लोभ असू दे म्हणायचंही तोंड उरलं नाही.

धाकटी


ता. १६ सप्टेंबर

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

रडून झालं असेल तर पुढे वाच.

आधी माझी चूक. दोन वर्षांत मी तुझ्याकडे फिरकलो नाही. तुझी गोड पत्रं वाचायची आणि खुशाल पाय पसरून बसायचं, हे मलाही सोयीचं होतं. तेव्हा खोटारडेपणा एकटीच्या नावावर घेऊ नकोस, त्यात माझाही वाटा आहे.

वकीलसाहेबांना विचारलं. खारूला शाळेत बसायचा हक्क आहे, आणि तिथे नीट बसता यावं म्हणून लागेल ती मदत मिळायचाही हक्क आहे. कोणी उपकार करत नाही. एक बाई आणि दोन मुलं हे गणित शाळेने शिक्षण खात्यापुढे मांडायचं, दोन आयांमध्ये नाही. तिसरीतल्या मुलाची आई तुझी वैरीण नव्हे. शिवाय मदत काढून घ्यायच्या आधी मुलीची नव्याने तपासणी व्हायला हवी होती, ती झालेली नाही. तिथे त्यांचं घोडं अडेल. शिक्षण खात्याच्या समितीपुढे सुनावणी मागायचा अर्ज टाइप करून पाठवतो आहे, फुल्या मारल्यात तिथे सह्या कर.

पण समिती वहीबद्दल विचारणारच. म्हणून एक दिवस लिहून काढ, उठल्यापासून संध्याकाळपर्यंत, हातचं न राखता. गोड शब्द एकही नको. अर्ज म्हणून जमणार नाही, मला पत्र म्हणून लिही.

घाबरू नकोस. आशीर्वाद आहेत, आणि टपालाची तिकिटंही भरपूर आहेत.

दादा


ता. २१ सप्टेंबर

ती. दादास,
सा. न.

हा घे दिवस, कालचा.

उठल्यावर मी तिची कूस बदलते, कारण तिला बदलता येत नाही. दात मी घासते. वेणी, बटणं, मोजे, बूट, सगळं मी. बूट घालताना तिचा पाय ताठतो आणि ती मला सॉरी म्हणते, रोज. पाण्याचा पेला तिला धरता येत नाही, नळी तोंडात द्यावी लागते. घास मोठा झाला तर ठसका लागतो. शाळेत बाई नसताना ती पाणीच पीत नाही, म्हणजे संडासला जायला नको. हे तिने मला कधी सांगितलं नाही, बाईंकडून कळलं. काल बाई रजेवर होत्या, खारू परत आली तेव्हा ओठ सुकले होते आणि परकर तरीही ओला होता. वर्गात तिचं उत्तर तोंडातून बाहेर येईपर्यंत गुरुजी पुढच्या मुलाकडे वळतात. गणित तिला सगळं येतं, पण लिहायला दुसऱ्याचा हात लागतो. संध्याकाळी पाय चोळताना ती ओरडते. मी रेडिओ मोठा करते, शेजारी ऐकू जाऊ नये म्हणून.

हे लिहिताना ती पलीकडे पुस्तक वाचत होती आणि मी कागदावर हात आडवा धरला होता. पोटच्या पोरीची चहाडी करते आहे असं वाटलं.

धाकटी


ता. ३० ऑक्टोबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

काल सुनावणी झाली. गेला महिनाभर मी दिवसातून तीनदा दुकानातून शाळेत धावते आहे, मालकांनी दुसरी मुलगी बघायला सुरुवात केली आहे. त्यामुळे काल काहीही करून निकाल हवाच होता.

लांब टेबल, तीन माणसं, आणि आपल्याच तोऱ्यात दहा मिनिटं मागे चालणारं भिंतीवरचं घड्याळ. मी विनवलं की खारूला बाहेर बसू द्या. अध्यक्षबाई म्हणाल्या की विषय तिचा आहे, तिच्यामागे बोलायचं नाही, नियमच तसा आहे. नियम चांगलाच आहे रे, तिच्या बाजूचा आहे. पण मग अर्जाला जोडलेलं माझं ते पान पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचलं गेलं. दात, वेणी, परकर, रेडिओ. ती गुडघ्यांकडे बघत ऐकत होती. मग तिला विचारलं, तुला काही सांगायचंय का. बराच वेळ लावून ती काहीतरी म्हणाली. टेबलापलीकडे कोणालाच कळलं नाही. मी सांगितलं, तिला पाणी हवंय. मदतनीस बाई साक्षीला आल्या होत्या, त्यांनी उठून नळीने पाजलं. मला वाटतं निकाल तिथेच लागला.

बाई परत मिळाल्या. तिसरीतल्या मुलासाठी दुसरी नेमा, असं शाळेला बजावलं. पण मार्चमध्ये फेरतपासणी आहे, आणि गरज तशीच आहे असं दिसलं तरच पुढे चालू.

ह्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले की आपल्याला आधीपासून ठाऊक होतं, पण वही ऐकायला छान वाटायचं. खारू मात्र बसमध्ये एक अक्षर बोलली नाही. घरी आल्यावरही नाही. आम्ही जिंकलो म्हणे, दादा. मला पोरीच्या डोळ्याला डोळा देता येत नाही.

लोभ तुझा आहे म्हणून उभी आहे.

धाकटी


ता. ५ नोव्हेंबर

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

वहिनीने घरभर पेढे नसले तरी बातमी वाटली. पोरीचा अबोला सुटेल, मुलं आपल्यापेक्षा शहाणी असतात.

कामाचं एकच. मार्चपर्यंत वहीत एकही गोड ओळ जाऊ देऊ नकोस. काही सुधारणा दिसलीच, तर शाळेत, शेजारी, कुठेही बोलू नकोस. एका वाक्यावर सगळं फिरेल. कायदा आपल्या बाजूने आहे, पण कागद ज्याचा असेल त्याच्याकडे तो झुकतो.

खारूला माझा आशीर्वाद, आणि तुला एक दिवस सुट्टी घ्यायचा हुकूम.

दादा


ता. १२ फेब्रुवारी

ती. मामास,
खारूचा सा. न. (हे लिहायचंच असतं असं आई म्हणते.)

हे मी शाळेच्या कॉम्प्युटरवर एका बोटाने टाइप केलंय. सहा दिवस लागले. पाकीट मदतनीस बाई टाकतील. कागद दुमडताना मी त्यांना डोळे मिटायला लावणार आहे.

आईला वाटतं मी सुनावणीच्या दिवशी तिच्यावर रागावले. मी रागावले नव्हते, मोजत होते. तिच्या पानावर मला न येणाऱ्या अकरा गोष्टी निघाल्या. एवढ्या असतील असं मला वाटलं नव्हतं. बसमध्ये मी ठरवलं की आपण एखादी तरी शिकायची, मग यादीत असो नाहीतर नसो. तेव्हापासून कोणी नसताना करून बघत होते.

शनिवारी आई गच्चीवर कपडे वाळत घालायला गेली होती. मी पलंगावरून खुर्चीत आले. एकटी. आधी खुर्चीचं चाक अडकवलं, उजव्या हाताने दांडी धरली आणि सरकले. दोनदा पडले, पण पलंगावरच. तिसऱ्यांदा बसले. आई आली आणि तिने मला खुर्चीत बघितलं. मग तिने धावत जाऊन आधी खिडकीचा पडदा ओढला. नंतर मला जवळ घेतलं आणि खूप रडली. म्हणाली की तिला इतका आनंद कधीच झाला नव्हता, आणि मार्च होईपर्यंत हे कोणाला सांगायचं नाही. शाळेत तर करून दाखवायचंच नाही.

आता रोज सकाळी ती मला उचलून खुर्चीत ठेवते आणि मी अंग सैल सोडते. पण मामा, करायचं नाही म्हटलं की हात विसरायला लागतो. काल मी गुपचूप करून बघितलं तर चार वेळा पडले.

तू कायद्याची कामं करतोस म्हणून विचारते. मला एक गोष्ट आली, तर बाकीच्यांसाठी बाई मिळत नाहीत का? आणि तपासणीला समितीच्या बाई मला विचारतील की तुला काय काय येतं, तेव्हा मी काय सांगायचं?

आईवर आहे तेवढाच लोभ माझ्यावरही ठेव, आणि तिच्यावर रागावू नकोस.

तुझी,
खारू

ता. क. उत्तर शाळेच्या पत्त्यावर पाठवू नकोस, तिथे सगळी पत्रं फाइलीत लावतात. घरच्या पत्त्यावरही नको, आई आधी फोडून वाचते. कुठे पाठवायचं ते मला सुचत नाही, तूच शोध.